शुश्रूषा आणि जबाब

आज ज्यांच्या हाती पदविका पडणार आहे त्या माझ्या मुलींनो व मुलांनो,

याच नरखेड तालुक्यात, वर्धा नदीच्या काठच्या एका गावात, संत्र्याच्या बागेला रात्रीअपरात्री उठून पाणी देणाऱ्या माणसाच्या घरी माझा जन्म झाला. आणि ज्या दिवशी लोखंडी पेटी घेऊन मी नरखेडच्या स्टेशनात नागपूरच्या पॅसेंजरमध्ये चढले, त्या दिवशी ही मुलगी नेमकी काय शिकावयास चालली आहे याचा उलगडा आमच्या गावात फारच थोड्यांना झालेला होता. मास्तरीण होणे लोकांना समजत असे. परंतु परक्या माणसांचे मलमूत्र काढणे, त्यांच्या जखमा धुणे, त्यांच्या उशाशी रात्र जागविणे, ह्याला शिक्षण म्हणतात आणि त्याची सरकारदरबारी परीक्षा होते, ही गोष्ट त्यांना विलक्षण वाटे. माझ्या आजीने तेवढे शेजारणीला समजावून सांगितले : "बिमार मानसाची शुश्रूषा शिकाले चालली पोरगी." अक्षरशत्रू असलेल्या त्या बाईच्या तोंडी तो संस्कृत शब्द कोणत्या कीर्तनातून आला असेल कोण जाणे; पण त्या शब्दाचा खरा अर्थ कळावयास मला पुढे नोकरीची बरीच वर्षे खर्ची घालावी लागली, आणि आज तुमच्यापुढे उभी आहे ती मुख्यतः त्या शब्दाविषयी बोलण्यासाठी.

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झालेला असून त्याचा मूळ अर्थ केवळ 'ऐकण्याची इच्छा' एवढाच आहे. गुरूजवळ बसून त्याचे बोलणे ऐकू इच्छिणाऱ्या शिष्याची जी वृत्ती, तिला पूर्वी शुश्रूषा म्हणत. ऐकण्यासाठी जवळ बसणारा शिष्य ओघानेच गुरूची सेवा करू लागला, म्हणून सेवेलाही तेच नाव पडले. आणि सेवेची सर्वांत अधिक गरज रोग्याला, म्हणून शेवटी तो शब्द रोग्याच्या खाटेपाशी येऊन स्थिरावला. तुमच्या पुस्तकांत 'उपचारात्मक संवाद' या नावाने जो पाठ आहे, आणि ज्याचा शास्त्रीय विचार अमेरिकेतील हिल्डेगार्ड पेप्लाउ या परिचारिकेने १९५२ साली आपल्या ग्रंथात मांडला, त्या पाठाचे सार आपल्या पूर्वजांनी एका शब्दात बांधून ठेवले होते. आता दुसरा शब्द पाहा. कायद्याच्या पाठात तुम्ही 'जबाबदारी' हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. तो आला फारसी अमदानीतून, कचेरीच्या दप्तरातून. आणि त्याच्याही पोटात 'जबाब' आहे, म्हणजे उत्तर आहे. ज्याला विचारले असता उत्तर देणे भाग आहे तो जबाबदार. एक शब्द संस्कृतातला, दुसरा कचेरीतला; एक ऐकण्याचा, दुसरा उत्तर देण्याचा. तुम्हाला हे दोन पाठ निरनिराळ्या तासांना, बहुधा निरनिराळ्या शिक्षकांनी शिकविले असतील. माझी मनापासूनची धारणा अशी आहे की, ते दोन पाठ नाहीत. जिने रोग्याचे ऐकले नाही तिला न्यायासनापुढे जबाब देता येत नाही, आणि ज्या परिचारिकांवर किटाळ आले त्यांच्यापैकी पुष्कळांचा मूळ अपराध हाताचा नसून कानाचा होता.

ही धारणा ज्या प्रकरणाच्या वाचनाने माझ्या मनात दृढ झाली ते आपल्याच राज्यातील आहे. १९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी इस्पितळात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण सुखरूप झाले. १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. आणि त्यानंतर तिला ताप येऊ लागला, पोटात वेदना सुरू झाल्या, त्या काही केल्या थांबेनात, म्हणून १९ जुलैला दुसऱ्या शल्यचिकित्सकाने पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत पू झालेला आणि पहिल्या शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी वापरलेला मॉप तसाच राहून गेलेला आढळला. २४ जुलैला ती बाई मरण पावली. तिच्या माणसांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा केला. उच्च न्यायालयाने तो फिरविला. आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे ती बाई जाऊन बत्तीस वर्षे उलटून गेल्यावर, 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. पोटात राहिलेला मॉपच हयगयीची साक्ष देतो, तेथे वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही, आणि इस्पितळातील नोकरांच्या हयगयीने मृत्यू घडला हे सिद्ध झाल्यावर सरकारला भरपाईच्या जबाबदारीतून अंग काढून घेता येत नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे.

मी तो निकाल कायद्याच्या विद्यार्थिनीप्रमाणे वाचला नाही; परिचारिकेप्रमाणे वाचला. शस्त्रक्रियागृहात पोट शिवण्यापूर्वी मॉप मोजून "काउंट बरोबर आहे" असे मोठ्याने सांगणे हे आपले काम. ते तीन शब्द उच्चारताना डॉक्टर घाईत असतील, पुढचा रोगी दाराशी स्ट्रेचरवर असेल, मोजणीत एक कमी भरत असेल आणि तो खाली बादलीत पडला असेल असे मानण्याचा मोह होईल. अशा वेळी "सर, एक कमी आहे, थांबा" असे म्हणण्याचे जिला धैर्य झाले नाही, तिच्या पदविकेचा उपयोग त्या रोग्याला काही झाला नाही. पण मोजणीपेक्षाही मला अस्वस्थ करतात ते १३ आणि १९ जुलैच्या मधले दिवस. त्या दिवसांत ती बाई काय म्हणाली असेल? 'दुखते' असे ती म्हणालीच असेल. एकदा नव्हे, पुष्कळदा म्हणाली असेल. बाळंतिणीचे पोट दुखावयाचेच, शस्त्रक्रियेनंतर दुखावयाचेच, असे कोणीतरी तिला सांगितले असेल. कोणी काय ऐकले आणि कोणी ऐकले नाही, ते ठरविण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र खरे की, 'दुखते' हा शब्द आपल्या कानांवर दिवसातून इतक्या वेळा पडतो की तो ऐकू येईनासा होतो, आणि ज्या दिवशी तो ऐकू येईनासा झाला त्या दिवशी, कोणत्याही न्यायालयाने दोषी धरण्याच्या आधीच, आपण दोषी झालेले असतो.

आता स्वतःचीच एक गोष्ट सांगते. ती आजवर मी व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

नोकरीला लागून मला तीन वर्षे झाली असतील. संत्र्याचा बाग असलेला एक शेतकरी छातीच्या दुखण्याने आमच्या वॉर्डात होता. संध्याकाळी त्याची बायको माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, पोरगा आला हाय, थांबू का जाऊ म्हनते. बागेचा सौदा झाला, उद्या तोडा हाय. याइले काही होनार तं नाही ना वो?" मी त्या वेळी दहा सलाईन्सकडे पाहत होते. माझ्या मनात दुष्टावा नव्हता, उलट तिला धीर द्यावा असेच मला वाटले, आणि मी न थांबता, तिच्याकडे नीट न पाहता म्हणाले, "काही होत नाही, काळजी करू नका." माझ्या त्या शब्दावर इतबार ठेवून तिने मुलाला रात्रीच्या गाडीने परत पाठविले. पहाटे चारच्या सुमारास तो शेतकरी गेला. मुलगा आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या बाईने मला बोल लावला नाही, आरडाओरड केली नाही, सामान बांधताना फक्त एवढे म्हणाली, "तुमीच म्हटलं होतं ना बाई, काही होत नाही म्हनून." 

कायद्याने त्या वाक्याबद्दल मला कोणी जाब विचारला नसता. औषध वेळेवर दिले होते, नाडी-रक्तदाब लिहिला होता, डॉक्टरांना बोलावले होते, केसपेपर निर्दोष होता. तरीही एका मुलाला बापाच्या शेवटच्या रात्री त्याच्यापासून दूर ठेवण्याचे काम माझ्या तोंडच्या चार शब्दांनी केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आपल्या परिचर्येवरील ग्रंथात रोग्याला पोकळ आशा दाखविणाऱ्या बोलघेवड्या माणसांविरुद्ध एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. विद्यार्थिदशेत मी ते वाचले होते, आणि ते रोग्याला भेटावयास येणाऱ्या आप्तेष्टांना उद्देशून आहे असे समजून पुढे गेले होते. खोटा धीर ही रोग्याला दिलेली भेट नव्हे. तो आपण स्वतःला दिलेला विश्राम असतो, कारण 'काही होत नाही' म्हटले की समोरच्याचे बोलणे थांबते आणि आपल्याला पुढच्या खाटेकडे जाता येते. त्या बाईला मी काय सांगावयास हवे होते? 'डॉक्टरांनी दुखणे गंभीर सांगितले आहे; आज रात्री आम्ही लक्ष ठेवून आहोत; तुमच्या मनात मुलाने थांबावे असे आहे का?' एवढे पुरे होते. निदान सांगणे डॉक्टरांचा अखत्यार आहे, तो मी ओलांडला नसता; खोटे बोलले नसते; आणि तो प्रश्न तिला विचारला असता तर तिने स्वतःच उत्तर दिले असते, कारण ते तिला ठाऊक होते. ती माझ्याकडे माहितीसाठी आलीच नव्हती. तिला भेव वाटत होते, आणि ते कोणीतरी ऐकावे एवढीच तिची अपेक्षा होती.

आपल्या तालुक्यात ऐकण्याचे काम आणखी एका कारणाने कठीण आहे. केसपेपर इंग्रजीत, डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या प्रांतातून शिकून आलेले, आणि रोगी मात्र वऱ्हाडी बोलणारा, नाहीतर पांढुर्ण्याकडून आलेला हिंदी बोलणारा, क्वचित गोंडीत विचार करणारा. या सर्वांमध्ये दुभाषी कोण? तुम्ही. "जीव घाबरा होऊन राहिला" असे एखादा साठीतला माणूस म्हणाला, तर ती तक्रार 'घाबरट आहे' म्हणून सोडून द्यावयाची की त्याची नाडी पाहून डॉक्टरांना तत्काळ हाक मारावयाची, हे त्या भाषेत वाढलेल्या परिचारिकेला जितके उमजते तितके यंत्राला उमजत नाही. नोंद करताना रोग्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहा. त्याचे भाषांतर करावयाचे असेल तर खाली करा. मूळ वाक्य मात्र घालवू नका.

भाषेप्रमाणेच गावाची स्मृतीही ऐकावी लागते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला आलेल्या महापुरात मोवाड गावाची २०४ माणसे गेली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. ज्यांनी तो दिवस पाहिला ती माणसे आज म्हातारी होऊन आपल्या वॉर्डांत येतात. श्रावणात पावसाचा जोर वाढला की एखादी आजी झोपेची गोळी घेऊनही खाटेवर उठून बसते आणि पाणी किती आले म्हणून विचारते. परगावची परिचारिका लिहील, 'रोगी असंबद्ध बोलते.' तुम्ही तसे लिहिता कामा नये. तिच्याजवळ बसून, "आजी, तुम्ही मोवाडच्या का?" एवढे विचारलेत, तरी ती गोळीने झोपली नसती ती झोपेल.

आता अशा एका रोग्याविषयी बोलते, ज्याच्यापाशी कायदा आणि संवाद एकाच क्षणी उभे राहतात. आपल्या विदर्भात 'औषध' या शब्दाला दोन अर्थ आहेत. "त्यानं औषध घेतलं" असे रात्री अकरा वाजता बैलगाडीतून किंवा मोटारसायकलवरून आणलेल्या माणसाविषयी कोणी सांगितले, की ते औषध बरे होण्याचे नसून फवारणीचे आहे हे आपल्याला न विचारता समजते. जीव वाचविणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या वस्तूला एकच नाव देण्याची पाळी ज्या समाजावर आली, त्याच्या दुःखाविषयी मी आणखी काय बोलू? अशा वेळी पहिले प्रश्न थोडे आणि नेमके असावेत : काय घेतले, किती, केव्हा, डबा कोठे आहे. डबा आणावयास माणूस पाठवा. अंगावरचे भिजलेले कपडे काढून त्वचा धुवा. श्वास, नाडी आणि बाहुल्या पाहत राहा, आणि पाहिलेले वेळेसह लिहा. हे प्रकरण पोलिसांना कळवावे लागते, त्याची वर्दी वैद्यकीय अधिकारी देतात. पण केसपेपर, कपडे, डबा यांची राखण तुमच्याकडे असते आणि त्यांपैकी काही हरवले तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो.

इतके झाल्यावर, माणूस शुद्धीवर आल्यावर, दुसरे काम सुरू होते, आणि तेथे आपण फार चुकतो. खाटेभोवती दहा नातेवाईक उभे असताना "काहून केलं असं? लेकरांचा तरी विचार करायचा" असे बोलणारी परिचारिका मी पाहिली आहे, तिच्या डोळ्यांत पाणीही होते, ती वाईट नव्हती. परंतु तो माणूस आधीच स्वतःच्या नजरेतून उतरलेला असतो. १८६० च्या दंडसंहितेने त्याला गुन्हेगार ठरविले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने असे ठरविले की, ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्याला शिक्षा करू नये. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेच नाही. देशाच्या कायद्याने ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली उतरविले, त्याला आपण खाटेवर पुन्हा आरोपी करू नये. नातेवाईकांना बाहेर चहाला पाठवा, स्टूल ओढून बसा, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहा. त्याच्यासाठी पाच मिनिटे शांत बसणे हे सुई देण्याइतकेच काम आहे. तो बोलला, आणि पुन्हा तसे करण्याचा विचार त्याने बोलून दाखविला, तर मात्र ते गुपित म्हणून स्वतःजवळ ठेवू नका. डॉक्टरांना सांगा, लिहा, त्याला एकटे सोडू नका.

संमतिपत्राविषयी थोडे. "सही घेऊन या" असे तुम्हाला सांगण्यात येईल आणि तुम्ही शाईची डबी घेऊन नवऱ्याकडे किंवा सासूकडे जाल, कारण आपल्याकडे तसा प्रघात आहे. दिल्लीच्या एका प्रकरणात, केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय व बीजकोष तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही, कारण ज्या सज्ञान बाईच्या शरीराचा प्रश्न होता तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिला न विचारताच पुढे जाणे भाग पडावे असे जिवावरचे संकटही त्या वेळी नव्हते. अंगठा हा शाईचा डाग आहे. संमती ही समजूत आहे. शस्त्रक्रियेचे स्वरूप समजावून देणे डॉक्टरांचे काम आहे; परंतु डॉक्टर निघून गेल्यावर ती बाई तुमच्याकडे वळून "काय करनार हाय वो बाई माह्यं?" असे विचारते, तेव्हा तिला काहीच समजलेले नाही हे ज्ञान तुम्हाला झालेले असते. ते झाल्यावर तिचा अंगठा घेऊ नका. डॉक्टरांना परत बोलवा. ते रागावतील, रागावू द्या.

उलट, जेथे बोलणेच अपराध आहे अशीही स्थळे आहेत. गर्भलिंगाची परीक्षा रोखण्याचा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम केला आणि १९९४ साली केंद्राने केला. त्यात गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने कळविण्याची मनाई आहे. "पेढे तयार ठेवा" असे हसत म्हणणे हा थट्टेचा विषय नाही; त्या हसण्यात एका न जन्मलेल्या मुलीचे मरण असू शकते. एचआयव्हीबाधित रोग्याची स्थिती, गर्भपात करून घेणाऱ्या बाईचे नाव, यांचेही तसेच. आपली गावे लहान आहेत. सावरगावच्या वा जलालखेड्याच्या बाजारात तुम्हाला रोग्याची जाऊ भेटेल आणि काळजीने विचारपूस करील. तेथे मौन पाळणे हे वॉर्डातल्या बोलण्यापेक्षा कठीण आहे. याला एक अपवाद मात्र पक्का ध्यानात ठेवा : अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविलेच पाहिजे, तेथे गुप्ततेची सबब चालत नाही.

शिक्षेविषयीही तुम्हाला स्पष्ट कल्पना असावी. हयगयीने मृत्यू घडल्यास नव्या न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय उपचार करताना तो घडल्यास मर्यादा दोन वर्षांची आहे. आणि त्या सवलतीची जी व्याख्या कलमात दिली आहे तीत परिचारिकेचा समावेश होत नाही. हे मला न्याय्य वाटत नाही, आणि तसे मी येथे जाहीरपणे म्हणते. परंतु कायदा बदलेपर्यंत तो आहे तसा माहीत असणे तुमच्या हिताचे आहे. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. त्याखालील परिषदेत नाव नोंदविल्याशिवाय एक दिवसही काम करू नका, आणि नूतनीकरणाची मुदत चुकवू नका. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, विषमज्वराने आजारी असलेल्या बालकाला भलतेच इंजेक्शन दिले गेले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. ते इंजेक्शन देणारी व्यक्ती परिचारिका म्हणून अर्हताप्राप्त नव्हती, आणि त्या इस्पितळावर बालकासाठी साडेबारा लाख व आईबापांच्या मनस्तापासाठी पाच लाख रुपयांची भरपाई बसली. फोनवरून मिळालेला हुकूम परत वाचून दाखवा, लिहा, त्यावर डॉक्टरांची सही घ्या. आणि हुकूम चुकीचा वाटला तर विचारा.

लिहिलेल्या नोंदीचे मोल मला न्यायालयात उमगले. एकदा एका खुनाच्या खटल्यात मला साक्षीसाठी बोलावणे आले. घटना घडून नऊ वर्षे झाली होती. मला त्या जखमी माणसाचा चेहरा आठवत नव्हता, नाव आठवत नव्हते. पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा घशाला कोरड पडली होती. तेव्हा माझ्याच अक्षरातला, कडा झिजलेला कागद माझ्यापुढे ठेवण्यात आला. त्या वेळी केलेली नोंद पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा कायदा साक्षीदाराला देतो. रात्री २ वाजून १० मिनिटांनी रोगी काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत, २.१५ ला डॉक्टरांना कळविले, २.२५ ला डॉक्टर आले, एवढ्या तीन ओळी होत्या. त्या वाचल्याबरोबर तो वॉर्ड, तो कंदिलासारखा पिवळा दिवा, तो माणूस, सर्व माझ्यासमोर उभे राहिले. वकिलांनी विचारले, "ही सही कोणाची?" मी सांगू शकले, कारण पूर्ण नाव लिहिलेले होते. माझ्याआधी साक्ष झालेल्या एका कर्मचाऱ्याच्या सहीत दोन फराटे होते आणि ते आपले की दुसऱ्याचे, हे त्याला शपथेवर सांगता येईना.

आणि जो बोलूच शकत नाही त्याचे कसे ऐकावयाचे? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्याच रुग्णालयात घोर अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिचे देहावसान होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती तेथेच खाटेवर होती आणि तिला पाहणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्या बदलत गेल्या. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात आदराने घेतली आहे. तिला दयामरण द्यावे की नाही, हा त्या दाव्याचा प्रश्न होता. आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, असा जेव्हा विचार झाला, तेव्हा न्यायालयाने तो हक्क याचिका करणाऱ्या लेखिकेला दिला नाही. रात्रंदिवस तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाला दिला. तिला कोणते अन्न आवडते, कोणत्या आवाजाने ती बावरते, हे शब्दांवाचून त्यांनी ऐकून ठेवले होते. देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे एका मुक्या बाईचा जबाब त्यांनी दिला, आणि तो ग्राह्य धरण्यात आला. आपल्या व्यवसायाविषयी कोणी हलके बोलले, की मी त्या परिचारिकांची आठवण करते. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

आता तुमची नावे पुकारली जातील. डाव्या बाजूच्या टेबलावर पदविकांची नोंदवही ठेवली आहे, तिथे प्रत्येकीने आणि प्रत्येकाने सही करून कागद घ्यावयाचा आहे. मागे रांग आहे, फोटोची घाई आहे, घरचे लोक शेवटच्या गाडीसाठी थांबले आहेत, हे मला दिसते. तरी सही करताना फराटा मारू नका. पूर्ण नाव लिहा, वाचता येईल असे. आणि त्याच्यापुढे तारीख व वेळ घाला.